वरून दिसणारी बाग

मोसंबीचे झाड एका दिवसात वाळत नाही. आधी शेंड्याकडील पाने विरळ होतात, मग फांद्यांची टोके बोडकी दिसू लागतात, आतल्या बाजूस वाळलेल्या काड्या साचत जातात. शेतकरी त्यांना ‘सल’ म्हणतात. या काळात फळे येतच असतात. किंबहुना ऱ्हासाला लागलेले झाड एखाद्या वर्षी नेहमीपेक्षा अधिक फुलते आणि बारीक फळांनी लगडते, त्यामुळे मालकाला ते सुदृढच वाटते. पुढे कधीतरी उन्हाळ्यात ते अचानक गेले असे म्हटले जाते. वस्तुतः ते दोन-तीन वर्षे जातच होते. रोज पाहणाऱ्या डोळ्याला रोजचा बदल दिसत नाही, एवढेच. सुट्टीत घरी गेलेल्या वसतिगृहातील मुलाची वाढलेली उंची आईच्या चटकन लक्षात येते. त्याच्या शेजारी बसून रोज जेवणाऱ्या मित्राच्या येत नाही.

फळबागेला असाच मध्ये काळ सोडून पाहणारा आणि पाहिलेले विसरून न जाणारा डोळा ड्रोनच्या रूपाने मिळू शकतो. ड्रोन म्हटले की आपल्याकडे लग्नातील चित्रीकरण किंवा अलीकडे पिकांवरील फवारणी डोळ्यांपुढे येते. काही गावांतील वाचकांना गावठाणाची मोजणी आठवेल. ‘स्वामित्व’ योजनेत भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ड्रोनने घरांच्या जागांचे नकाशे तयार झाले. प्रस्तुत लेखाचा विषय याहून थोडा वेगळा आहे. झाडाची उंची किती, घेर किती, त्याच्या छत्राचे घनफळ किती, आणि मागील वर्षापेक्षा ते वाढले की आक्रसले, हे छायाचित्रांवरून कसे काढतात आणि ते मराठवाड्यातील बागायतदाराच्या कोणत्या कामाचे आहे, हे येथे सांगावयाचे आहे.

छत्रपती संभाजीनगर आणि जालना हे दोन जिल्हे महाराष्ट्रातील मोसंबीचे माहेरघर. पैठण, अंबड, घनसावंगी, बदनापूर या तालुक्यांतील शिवारे या झाडाने हिरवी दिसतात. पाचोडचा बाजार मोसंबीच्या नावाने ओळखला जातो. जालन्याच्या मोसंबीस आणि मराठवाड्याच्या केसर आंब्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन लाभले. बदनापूर येथे मोसंबी संशोधन केंद्र आहे, तर आपल्या शहरातील हिमायतबागेत फळ संशोधन केंद्र. दोन्ही परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची. इतके सगळे असूनही या भागातील मोसंबीचा इतिहास दुष्काळाच्या वर्षांनी मोजला जातो. २०१२ चा पावसाळा कोरडा गेला, जायकवाडीचा उपयुक्त साठा संपला, विहिरी आटल्या. बागायतदारांनी टँकरचे पाणी विकत घेऊन झाडे जगवण्याचा प्रयत्न केला. अनेकांना अखेर उभ्या बागेवर कुऱ्हाड चालवावी लागली. मोसंबीचे झाड पाचव्या वर्षाच्या सुमारास नीट उत्पन्न देऊ लागते. म्हणून पंधरा वर्षांची बाग तोडणे म्हणजे एका हंगामाचे पीक बुडणे नव्हे. त्या बागेच्या भरवशावर ठरलेले मुलीचे शिक्षण, घराचे छत, सोसायटीचे कर्ज या सर्वांचा हिशेब त्या दिवशी बदलतो. आणि ज्या मजूर कुटुंबांना त्या बागेत आळी करण्याचे, सल काढण्याचे, फळे उतरवण्याचे काम मिळत असे, त्यांचा हिशेब तर कोणी मांडतही नाही.

अशा वर्षी बागायतदारापुढे खरा प्रश्न असतो तो निवडीचा. पाणी निम्म्या झाडांना पुरेल इतकेच आहे. तर कोणती निम्मी झाडे जगवायची? ज्यांची मुळे अजून धड आहेत, ज्यांचे छत्र गेल्या दोन-तीन वर्षांत टिकून राहिले आहे, अशी झाडे पाण्याचा मोबदला देतील. जी आधीच उतरणीला लागली आहेत, त्यांना घातलेला टँकर बहुधा वाया जाईल. हे सर्वांना समजते, पण कोणते झाड कोणत्या गटात, हे एक-एक झाडाच्या नोंदीशिवाय ठरवता येत नाही. आणि तशी नोंद आपल्याकडे जवळपास कोणाकडेच नसते.

ती का नसते, हे समजण्यासाठी थोडे गणित करू. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर लागवड केली तर हेक्टरी २७७ झाडे बसतात, एकरी सुमारे ११०. पाच एकरांच्या बागेत साडेपाचशे. प्रत्येक झाडाची उंची, पूर्व-पश्चिम विस्तार आणि दक्षिणोत्तर विस्तार अशी तीन मापे घ्यायची, तर साडेसोळाशे मापे झाली. फांद्यांना काटे, हातात बांबू आणि टेप, वर ऊन. संशोधन केंद्रे प्रयोगातील मोजक्या झाडांची अशी मापे घेतात. शेतकऱ्याने दरवर्षी ती घ्यावीत ही अपेक्षाच अन्याय्य आहे.

मापे मिळाली की पुढचे काम सोपे. मोसंबीचे छत्र ढोबळमानाने गोलाकार धरतात. त्याची उंची, आणि दोन दिशांचे विस्तार यांचा गुणाकार करून त्यास ०.५२ ने गुणले की छत्राचे अंदाजे घनफळ मिळते. (हा आकडा म्हणजे पाय भागिले सहा, दहावीच्या विद्यार्थ्यांनी गोलाच्या घनफळाच्या सूत्रावरून तो स्वतः काढून पाहावा.) समजा, एका झाडाचे छत्र साडेतीन मीटर उंच आणि दोन्ही बाजूंनी साडेचार मीटर रुंद आहे. त्याचे घनफळ सुमारे ३७ घनमीटर भरते. आता ते झाड चहूबाजूंनी पाव मीटर, म्हणजे जेमतेम वीतभर, आत आले. विस्तार साडेचारवरून चार मीटर झाला. उंची तीच आहे. घनफळ मात्र सुमारे २९ घनमीटर उरले. बांधावरून पाहणाऱ्याला वीतभर फरक दिसणार नाही, पण झाडाने आपल्या छत्राचा पाचवा हिस्सा गमावलेला आहे! उत्पन्न देणारी पालवी छत्राच्या बाहेरच्या थरातच असते, हे लक्षात घेता ही गोष्ट किरकोळ नाही. झाडाच्या रचनेवर लक्ष ठेवणे म्हणजे अशा वीतभर फरकांवर लक्ष ठेवणे होय.

ड्रोनला हा फरक कसा कळतो? त्याच्याजवळ टेप नसतो. साध्या ड्रोनला एक कॅमेरा असतो, आणि एका छायाचित्रावरून उंची कळत नाही. परंतु तीच वस्तू दोन जागांवरून पाहिली की कळते. वेरूळकडे जाणाऱ्या बसच्या खिडकीत बसलेल्या मुलाला रस्त्याकडेची बाभळ झर्रकन मागे गेलेली दिसते, तर देवगिरीचा किल्ला बराच वेळ सोबत चालल्यासारखा वाटतो. जवळची वस्तू अधिक सरकते, दूरची कमी. बागेवर उडणारा ड्रोन खाली पाहत असतो, म्हणून त्याच्या दृष्टीने झाडाचा शेंडा जवळ आणि जमीन दूर. ठरावीक ओळींतून जात तो शेकडो छायाचित्रे घेतो आणि प्रत्येक छायाचित्रात मागच्या छायाचित्राचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग पुन्हा येईल अशी काळजी घेतली जाते. संगणक या चित्रांतील सारख्या खुणा शोधतो (एखादा दगड, एखाद्या फांदीचे टोक, ठिबकच्या नळीचे वळण) आणि प्रत्येक खूण चित्रागणिक किती सरकली यावरून ती अवकाशात कोठे असली पाहिजे हे काढतो. अशा लक्षावधी बिंदूंचा जो समूह तयार होतो त्याला बिंदुमेघ म्हणतात. पडद्यावर तो फिरवून पाहिला की आपलीच बाग ठिपक्यांनी काढलेली दिसते.

बिंदुमेघातून दोन पृष्ठभाग तयार करतात. एक, वरून चादर अंथरावी तसा झाडांच्या शेंड्यांना आणि मोकळ्या जमिनीला स्पर्श करणारा. दुसरा, झाडे नाहीतच असे मानून केवळ जमिनीचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उतार, बांध, चढ हे सारे निघून जाते आणि उरते ती प्रत्येक ठिकाणची झाडाची उंची. साठ मीटर उंचीवरून चांगल्या कॅमेऱ्याने घेतलेल्या चित्रातील एक ठिपका जमिनीवरील सुमारे दोन सेंटिमीटरचा असतो. म्हणजे चार मीटर घेराचे एक झाड एकतीस हजारांच्या आसपास ठिपक्यांनी मोजले जाते. बांबू आणि टेपने आपण त्याला तीनदा मोजत होतो.

पण संगणकाला झाड म्हणजे काय हे ठाऊक नसते. त्याला उंचसखल पृष्ठभाग दिसतो. त्यातील कोणता उंचवटा कोणत्या झाडाचा, हे वेगळे करावे लागते. यासाठीची सर्वांत प्रचलित रीत मराठवाड्यातील माणसाला इतरांपेक्षा लवकर समजावी, कारण तिचे नाव आणि तिची कल्पना दोन्ही पाणलोटावरून घेतलेली आहेत. झाडांचा पृष्ठभाग उलटा करावयाचा, की प्रत्येक शेंडा खड्डा होतो. त्या खड्ड्यांतून तळापासून पाणी वर चढते आहे अशी कल्पना करावयाची. दोन खड्ड्यांतील पाणी जेथे एकमेकांस भिडू पाहते तेथे बांध घालावयाचा. सगळे पाणी भरून झाल्यावर जे बांध दिसतात त्या झाडांच्या हद्दी. १९७९ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी प्रतिमांच्या विश्लेषणासाठी ही रीत मांडली, तेव्हा त्यांच्यापुढे फळबागा नव्हत्या. पाणलोट विकासाच्या कामांवर बांध घालून हात घट्टे पडलेल्या आपल्या लोकांना हे गणित शाळेत याच शब्दांत शिकवले असते तर किती बरे झाले असते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

ही रीत सुट्या, गोल, एकशेंडी झाडांवर उत्तम चालते. मोसंबीची सात-आठ वर्षांची बाग त्यासाठी जणू आदर्शच. जुन्या बागेत फांद्या एकमेकींत शिरतात आणि दोन झाडांचे एक झाड होते; एखाद्या पसरट झाडाला दोन शेंडे असले की एकाची दोन झाडे होतात. केसर आंब्याच्या घन लागवडीत तर ओळीच्या ओळी कुंपणासारख्या जुळून येतात. तेथे झाड मोजण्याचा हट्ट सोडून ओळीची उंची, जाडी आणि मधला मोकळा पट्टा मोजणे शहाणपणाचे ठरते. ओळींमधून प्रकाश आत पोहोचतो की नाही, छाटणी कोठे राहिली आहे, हे त्यावरून चांगले कळते.

उड्डाणाची वेळ आणि हंगाम यांविषयी मात्र काटेकोर असावे लागते. वारा असेल तर पाने हलतात, एका चित्रातील खूण दुसऱ्यात सापडत नाही, आणि झाडाची कड विरघळल्यासारखी होते. सकाळी फार लवकर किंवा सायंकाळी उडवले तर लांब सावल्या शेजारच्या झाडावर पडतात. पावसाळ्यात ओळींमध्ये गुडघाभर तण असते. संगणक त्या तणालाच जमीन समजतो आणि सगळी झाडे ठेंगणी होतात. उलट हिवाळ्यात मशागत झालेली काळी जमीन आणि तिच्यावरील हिरवे छत्र यांत संगणकाची गफलत होत नाही. शिवाय फळांच्या भाराने फांद्या खाली आणि बाहेर झुकतात. फळे उतरली की त्या वर येतात. भरल्या बागेचे माप रिकाम्या बागेच्या मापाशी लावले तर झाड आक्रसल्याचा खोटा निष्कर्ष निघेल. म्हणून आंबिया बहाराची फळे उतरल्यानंतर आणि पुढील बहारासाठी ताण देण्यापूर्वी, दरवर्षी त्याच सुमारास, त्याच उंचीवरून उडवावे. बागेच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यभागी चुना किंवा रंगाने पक्क्या खुणा करून ठेवल्या तर दोन वर्षांचे नकाशे एकमेकांवर नेमके बसतात. मुद्दा वीतभर फरकाचा आहे. नकाशाच जर हातभर सरकला तर सारे व्यर्थ.

काही ड्रोनांवर निराळे कॅमेरे असतात. आपल्या डोळ्यांना न दिसणारा, लाल रंगापलीकडचा प्रकाश निरोगी पान मोठ्या प्रमाणात परावर्तित करते, दिसणारा लाल प्रकाश मात्र शोषून घेते. या दोहोंच्या तुलनेवरून पालवीचा जोम काढता येतो. उष्णता टिपणारा कॅमेरा असेल तर तहानलेले झाड शेजारच्यापेक्षा उष्ण दिसते, कारण पाणी कमी पडले की पान आपली रंध्रे मिटून घेते आणि बाष्पोत्सर्जनाने मिळणारा गारवा बंद होतो. ही साधने महाग आहेत. माझ्या मते सामान्य बागायतदाराने प्रथम साध्या कॅमेऱ्यातून मिळणारी रचनेची मापे नियमित घ्यावीत. रंगांचे नकाशे दिसायला आकर्षक असतात, पण त्यांचा अर्थ लावणे अधिक कठीण असते. बहारासाठी मुद्दाम ताणावर सोडलेली बाग अशा नकाशात आजारीच दिसेल.

येथेच या साधनाची खरी मर्यादा येते. ड्रोनला कार्य दिसते, कारण दिसत नाही. छत्र विरळ झाले याला डिंक्या रोगाची बुरशी कारण असेल, जमिनीतील चुनखडी असेल, पाणी साचून कुजलेली मुळे असतील, कलमाचा खुंटच निकृष्ट असेल किंवा ठिबकची तोटी बुजलेली असेल. खोडावर ओघळणारा डिंक छत्राखाली झाकलेला असतो. वरून छत्री दिसते, दांडा दिसत नाही. प्रत्येक गोष्ट कारणांच्या साखळीतून उपजते, हा विचार ज्या परंपरेत आपण शिकतो तिच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको, की साखळीची शेवटची कडी पाहून पहिली कडी ओळखल्याचा आव आणू नये.

तरीही एक गोष्ट वरून दिसते जी झाडाजवळ उभे राहून दिसत नाही, ती म्हणजे आजाराची आकृती. आक्रसलेली झाडे नकाशावर लाल रंगाने भरली आणि ती एका सरळ रेषेत आली, तर प्रथम त्या ओळीची ठिबकची नळी तपासावी; रोग असा सरळ रेषेत चालत नाही. ती एका सखल भागात गोळा झाली असतील तर पाण्याचा निचरा पाहावा. एका झाडापासून सुरू होऊन दरवर्षी शेजाऱ्यांकडे, विशेषतः पाण्याच्या प्रवाहाच्या दिशेने, सरकणारा डाग मुळांवरील बुरशीचा संशय निर्माण करतो. आणि लाल ठिपके बागभर विखुरलेले, कोणताच आकार नसलेले असतील तर कलमे कोठून आणली होती हे आठवावे. अर्थात हे सारे संशय आहेत. त्यांची शहानिशा करायला टिकाव घेऊन जावे लागते.

टिकाव म्हटले की विनयपिटकातील जीवकाची कथा आठवते. तक्षशिलेत वैद्यक शिकून झाल्यावर आचार्यांनी त्याला सांगितले की, नगराभोवती एक योजन परिसरात हिंडून औषधी नसलेली एखादी वनस्पती घेऊन ये. जीवक कुदळ घेऊन हिंडला आणि रिकाम्या हातांनी परतला. औषधी नसलेले असे काही त्याला सापडलेच नाही. आचार्यांनी त्याचे शिक्षण पूर्ण झाल्याचे मानले. पुढे याच जीवकाने राजगृहातील आपली आमराई भगवान बुद्ध आणि भिक्खुसंघाला दान दिली. ही कथा औषधींची म्हणून सांगितली जाते. पण त्या परीक्षेत उत्तीर्ण होण्यासाठी त्याला योजनभर परिसरातील एक-एक रोपापाशी वाकावे लागले असेल, याकडे सहसा लक्ष जात नाही. ड्रोनने ते वाकणे टळत नाही. साडेपाचशे झाडांपैकी कोणत्या चाळीस झाडांपाशी आधी वाकायचे, एवढे तो सांगतो. आणि ज्याच्याकडे एकच दिवस आणि एकच मजूर आहे त्याला एवढे पुष्कळ आहे.

मापांतही काही उणिवा राहतात, त्या माहीत असलेल्या बऱ्या. शेंड्याची कोवळी, बारीक फूट चित्रात अनेकदा हरवते, त्यामुळे छायाचित्रांवरून काढलेली उंची प्रत्यक्षापेक्षा थोडी कमी भरते. उलट घनफळ अधिक भरण्याची शक्यता असते, कारण छत्राखालची पोकळीही संगणक झाडातच धरतो. लेझर किरण सोडून मोजणारी साधने पानांच्या फटींतून आत जातात आणि ही चूक बरीच कमी करतात, परंतु त्यांची किंमत सध्या गावाच्या आवाक्याबाहेर आहे. दरवर्षी रीत तीच ठेवली तर चूकही दरवर्षी साधारण तेवढीच राहते आणि तुलना खरी ठरते. आरंभी दहा-वीस झाडे बांबूने मोजून ड्रोनच्या मापांशी पडताळावीत, म्हणजे चूक किती हेही कळते.

उपयोगाकडे वळू. दुष्काळातील निवडीचा उल्लेख वर आलाच. ज्या झाडांना जगवायचे ठरले त्यांची हलकी छाटणी, बुंध्याभोवती आच्छादन, पानांवर केओलिनचा फवारा ही कामेही मग बागभर न करता मोजक्या झाडांवर करता येतात. फवारणीचे तर सारे गणितच घनफळावर आहे. युरोपातील सफरचंदाच्या बागांत औषधाची मात्रा जमिनीच्या क्षेत्राऐवजी ओळीतील छत्राच्या घनफळावर ठरवण्याची पद्धत बऱ्याच काळापासून आहे. आपल्याकडे ‘एकरी इतके पंप’ असा हिशेब चालतो. त्यात तीन वर्षांच्या झाडाला आणि बारा वर्षांच्या झाडाला सारखेच औषध मिळते, किंवा फवारणाऱ्याच्या अंगवळणी पडेल तसे मिळते. जास्तीचे औषध जमिनीत आणि त्या फवारणाऱ्या माणसाच्या छातीत जाते. हे नुकसान कोणत्याही खर्चाच्या वहीत लिहिलेले नसते.

गारपिटीच्या वेळी याचा आणखी एक उपयोग ध्यानात येतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात गारपिटीने बागांची पालवी झोडपून काढली, फांद्यांची साल सोलली. अशा वेळी पंचनामा होतो तो नंतरच्या स्थितीचा. आधी काय होते याचा पुरावा शेतकऱ्याच्या शब्दापलीकडे नसतो. मागील हिवाळ्याचा नकाशा हाती असेल तर प्रत्येक झाडामागे किती छत्र गेले हे मांडता येते. पंचनाम्यात अशा नकाशाला स्थान मिळायला हवे, असे माझे मत आहे. मात्र त्यासाठी मूळ चित्रे शेतकऱ्याच्या ताब्यात हवीत. मोजणी करून देणारी मंडळी बहुधा रंगीत नकाशाचा एक कागद हाती ठेवतात आणि चित्रे स्वतःकडे ठेवतात. पुढल्या वर्षी दुसऱ्याकडून मोजणी केली तर तुलना करायला काहीच उरत नाही. करार करतानाच मूळ चित्रे मागून घ्यावीत आणि ती दोन ठिकाणी जतन करावीत.

नियमांविषयी थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ नुसार नकाशावरील हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत पूर्वपरवानगीविना उडवता येते. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे आणि त्याहून जवळ परवानगी लागते. चिकलठाणा विमानतळाच्या आसपासच्या गावांनी हे विसरू नये. उड्डाणापूर्वी ‘डिजिटल स्काय’ या शासकीय संकेतस्थळावरील नकाशा पाहावा. दोन किलोपर्यंतचा ड्रोन व्यवसायाव्यतिरिक्त स्वतःच्या कामासाठी उडवणाऱ्यास वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही. मोबदला घेऊन मोजणी करणाऱ्यास ते लागते. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेतून महिला बचत गटांना मिळणारे ड्रोन फवारणीचे आहेत, मोजणीचे नव्हेत. तरीही त्या प्रशिक्षणातून उड्डाण शिकलेल्या भगिनींना मोजणीचे काम शिकणे अवघड जाऊ नये. एकट्या पाच एकरांसाठी हा खर्च परवडत नाही. शिवारातील सलग बागा एकाच सकाळी उडवल्या तर परवडतो. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हे काम हाती घ्यावे. परभणीच्या विद्यापीठात जागतिक बँकेच्या साहाय्याने डिजिटल शेतीचे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले, तेथून शिकून बाहेर पडलेले तरुण या कामी उपयोगी पडू शकतात. त्यांत आपल्या विद्यालयाची मुले-मुलीही दिसावीत. ज्यांच्या आई-वडिलांनी दुसऱ्यांच्या बागेत सल काढली त्यांना झाड वाचता येते, आणि नकाशा शिकता येतो; याच्या उलट क्रम अधिक कठीण आहे.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. मोजणीला आरंभ करण्यापूर्वी बागेतील झाडांना क्रमांक द्यावेत. शेतकरी सहसा विहिरीच्या कोपऱ्यापासून ओळी मोजतो. संगणक आपल्या मर्जीने बहुधा नकाशाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून, म्हणजे वायव्येकडून, मोजतो. दोहोंचा मेळ आधीच घालून, प्रत्येक ओळीच्या पहिल्या झाडाला पत्र्याची क्रमांकपट्टी बांधावी. मेलेल्या झाडाचा क्रमांक रिकामा ठेवावा, तो पुढच्या झाडाला देऊ नये. नांग्या भरल्यावर नव्या कलमाला तोच क्रमांक आणि पुढे लागवडीचे वर्ष लिहावे. एवढे केले नाही तर नकाशात सातव्या ओळीतील बारावे झाड लाल दिसेल, आणि टिकाव घेऊन गेलेला मजूर बाराव्या ओळीतील सातव्या झाडाची मुळे उकरत बसेल.